रोजची भाकरी, पाहुण्याची पोळी

मराठी घरातले रोजचे जेवण चार गोष्टींवर उभे असते. पोटभरीचे एखादे धान्य, ते भिजवायला डाळीचे किंवा कडधान्याचे काही पातळ, एक भाजी आणि तोंडीलावणे. कोकणात आणि गोव्यात धान्य म्हणजे भात, देशावर आणि मराठवाड्यात ज्वारी, कोरड्या माळरानांवर बाजरी, सह्याद्रीच्या उतारांवर नाचणी आणि वरी. पाहुणा आला म्हणून वेगळा स्वयंपाक मांडला जात नाही. याच चारांपैकी एखादी गोष्ट वाढते, एखादी बदलते. मात्र रोजचे काय आणि पाहुण्याचे काय, हे शतकानुशतके फिरत आले आहे. त्या फिरण्यात चवीचा वाटा थोडा. पाऊस, सरपण, दळण आणि पुढे रेशन यांचा मोठा.

या जेवणाचा सर्वांत जुना भरघोस पुरावा पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला सापडला. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या या वस्तीत चुली, धान्याचे पेव, मातीची भांडी आणि जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. दाण्यांत प्रमुख होता जव. जोडीला मसूर, वाटाणा, लाख, कुळीथ. म्हणजे धान्य आणि डाळ ही जोडी तीन हजार वर्षांपूर्वीही होती, पण धान्य वेगळे होते. ज्या जवावर हे गाव जगले, तो आज मराठी घरात सातूच्या पिठापुरता उरला आहे.

त्याची जागा ज्वारी-बाजरीने घेतली. ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेची. ज्वारी ईशान्य आफ्रिकेतली, बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. नाचणीचे माहेरही पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ भागात. फार प्राचीन काळी ती भारतात आली आणि दख्खनच्या कमी पावसाला व काळ्या जमिनीला अशी मानवली की ‘मातीतले अन्न’ म्हटले की आज तीच डोळ्यांपुढे येतात. तूर आणि कुळीथ मात्र इथलेच. भाकरी आणि आमटीच्या साध्या ताटात अशी दोन खंडांची गाठ पडते. ही गाठ आरोग्याच्या दृष्टीनेही पक्की आहे. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते; डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. आहारशास्त्राने याचे कारण विसाव्या शतकात सांगितले. शेतकऱ्याच्या घरी ते सांगावे लागले नाही, कारण ज्वारीच्या शेतात तुरीचे तास पेरण्याची रीतच होती आणि दोन्ही पिके एकाच खळ्यावरून घरी येत.

भाकरीचे तंत्र धान्याच्या स्वभावातून आले. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे पीठ ताणले जात नाही आणि पोळपाटावर लाटायला गेले की फाटते. म्हणून ते गरम पाण्यात काटवटीत रगडून मळायचे, हाताने थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी निखाऱ्यावर उभी करून फुगवायची. तेल लागत नाही. पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो; बायका ‘विरी गेली’ म्हणतात, आणि अशा पिठाची भाकरी थापताच चिरते. म्हणून रोज दळणे भाग होते. जात्यावरचे पहाटेचे दळण ही या जेवणाची पहिली आणि सर्वांत कष्टाची पायरी होती. मराठी ओवीचे फार मोठे भांडार याच दगडाभोवती साठले. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. रोजच्या जेवणाला किती श्रम लागत, याचा याहून थेट दस्तऐवज मिळणे कठीण.

लिखित साधने बहुतेक श्रीमंतांच्या ताटाकडे पाहतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचा स्वतंत्र भाग आहे. मांड्यांचा पूर्वज असलेले मंडक, पुरणपोळीशी नाते सांगणारी वेष्टिका, वडे, पुऱ्या, इडलीसारखी इडरिका आणि मांस-माशांचे कितीतरी प्रकार त्यात येतात. राजाच्या जेवणाचा क्रमही दिला आहे; आरंभी भात, मुगाची डाळ आणि तूप, शेवटाकडे दही-ताक. पक्वान्ने बाजूला काढली की उरते ते वरण-भात-तूप आणि ताकभात, म्हणजे आजही अनेक मराठी घरांतल्या जेवणाची सुरुवात आणि शेवट. दरबाराने हा क्रम घरांकडून उचलला की घरांनी दरबाराकडून, हे ग्रंथावरून ठरत नाही. पण राजेशाही ग्रंथातली सर्वांत टिकाऊ गोष्ट त्यातली सर्वांत साधी गोष्ट ठरली, एवढे खरे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ लिहिले. तंजावरच्या भोसले घराण्याचा त्याला आश्रय होता. ग्रंथ संस्कृत, पण धान्ये, भाज्या आणि पदार्थ यांची चालू मराठी नावे त्यात जागोजागी येतात. कोणते अन्न कोणत्या ऋतूत आणि कोणत्या प्रकृतीला मानवते, हा त्याचा मुख्य विषय. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२) ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित सिद्ध झाले आणि सरस्वती महाल ग्रंथालयात टिकून राहिले. सांबार संभाजी महाराजांच्या नावावरून आले, ही लोकप्रिय कथाही तंजावरचीच. तिला समकालीन कागदाचा आधार नाही. गोष्ट चवदार आहे, इतकेच.

या ग्रंथांत न येणारे स्वयंपाकघर समजायचे तर चुलीकडे पाहावे लागते. मातीच्या चुलीला मागच्या किंवा बाजूच्या अंगाला दुसरे तोंड असे, त्याला वैल म्हणत. जाळ पुढे, भाकरीच्या तव्याखाली. मागे वैलावर जाई ती उरलेली धग. तिथे डाळ तास-दीड तास सावकाश शिजे, दूध तापे किंवा पाणी गरम होई. जळण एकच, स्वयंपाक दोन. दिवसातला मोठा वेळ सरपण, शेणी आणि पाणी आणण्यात जात असताना जेवण साधेच राहणार. एक गोष्ट तव्यावर, एक वैलावर, आणि पाट्यावर वाटलेली चटणी, जिला जाळ लागतच नाही. रात्रीचे जेवण अंधार पडायच्या सुमारास उरकत असे. हुलग्याचे माडगे, शेंगोळे, वरणफळे, मुगाची खिचडी हे एका भांड्यात होणारे पदार्थ सरपणाच्या आणि वेळेच्या याच अडचणीतून आले. झुणका आणि पिठलेही त्याच घराण्यातले. डाळ शिजायला तास लागतो. तीच दळून ठेवली की फोडणीच्या पाण्यात दहा मिनिटांत कालवण तयार. अवेळी दारात पाहुणा उभा राहिला, की घरची बाई बेसनाच्या डब्याकडे वळे ती यामुळे.

सोळाव्या शतकात या ताटात मोठी उलथापालथ सुरू झाली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली पिके पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि सुंठ-आल्याचा होता. नवे फळ आले, त्याला नावही मिऱ्यावरूनच मिळाले. मिरी घाटमाथ्याखालच्या दमट पट्ट्यातून विकत आणावी लागे, मिरची मात्र परसात उगवते. गरिबाच्या घरात तिखट स्वस्त झाले ते तिच्यामुळे. ज्याला अस्सल गावरान म्हणून मिरवले जाते तो ठेचा त्यामुळे फार तर पाचशे वर्षांचा. बटाटा, काजू आणि पाव हे शब्द पोर्तुगिजांमार्फत आले, आणि कोबीचे नावही त्यांच्याच भाषेतले. भुईमूग दख्खनच्या शेतात बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकात पसरला. तोवर चटणीत तीळ, कारळे, जवस आणि खोबरे असे, फोडणीला करडईचे किंवा तिळाचे तेल. भाजीत दाण्याचे कूट घालणे ही आज मराठी स्वयंपाकाची खूण मानली जाते. ही खूण नवी आहे.

पाहुणचाराची रीत याच चौकटीत बसलेली होती. दारी आलेल्याला आधी गूळ आणि पाणी. चहा नंतरचा, विसाव्या शतकात जाहिरातींच्या जोरावर घराघरांत शिरलेला. पुढे कांदेपोहे आणि चहा ही जोडी इतकी रुळली की मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमालाच ‘कांदेपोहे’ हे नाव पडले. जेवायला थांबणाऱ्या पाहुण्यासाठी देशावर गव्हाची पोळी होई, कारण गहू महाग आणि सणावारापुरता जपलेला. जवळचा पाहुणा असेल तर पुरण. मांसाहारी घरात कोंबडी कापली जाई, किनाऱ्यावर ताजी मासळी येई. रोजचे कालवण वाटीत थोडे पातळ होई, आणि बाजूला एखादी तळणी लागे. केळवण, डोहाळेजेवण, अधिक मासातले जावयाचे जेवण ही या पाहुणचाराची बांधीव रूपे.

पंगतीतल्या पानाला मात्र व्याकरण होते. केळीच्या पानाच्या किंवा पळसाच्या पत्रावळीच्या वरच्या मध्यावर मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. थोडे खायचे ते डाव्या हाताला, पोटभर खायचे ते उजव्या हाताशी, इतका साधा हिशेब त्यामागे होता. पेशवाईत हे व्याकरण कडक झाले. १७८३ साली सवाई माधवरावांच्या लग्नात जेवणावळीची शिस्त कशी राखावी, याच्या तपशीलवार लेखी सूचना निघाल्या होत्या. याच पुण्यात दुसऱ्या टोकाला होते ते ‘वार लावून जेवणारे’ विद्यार्थी. शिकायला आलेला गरीब मुलगा आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे धरी आणि प्रत्येक घरी ठरल्या वारी जेवे. त्याच्यासाठी काही खास होत नसे. घरात जे असेल तेच त्याच्या ताटात पडे. पाहुणा आणि घरचा यांच्या मधली ही जागा विसाव्या शतकातही बराच काळ टिकली, आणि महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या इतिहासात या परक्या स्वयंपाकघरांचा वाटा मोठा आहे.

ही घरे सगळ्यांना उघडी नव्हती. कोणाच्या हातचे कोणी खावे, हे जातीने ठरवलेले होते, आणि त्या अर्थाने पाहुणा हा शब्द फार अरुंद होता. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात होती आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित तरुणाने चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे चहा घेत आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावत. १९२८ साली श्रीधरपंत टिळकांनी समाज समता संघाचे सहभोजन पुण्यातल्या गायकवाड वाड्यात घडवून आणले. एका पंगतीला बसणे हीच त्या काळी चळवळ होती. पानात काय वाढले आहे याला तेव्हा महत्त्व नव्हते, वाढणारा आणि शेजारी बसणारा कोण याला होते.

स्वयंपाक शिकण्याची रीत छापखान्याने बदलली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतले ते पहिले छापील पाकपुस्तक मानले जाते. १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. या पुस्तकांचा कल पक्वान्नांकडे आणि समारंभांकडे. साधी आमटी सासूच्या हाताखाली शिकायची गोष्ट असल्याने ती लिहून ठेवण्याची गरज वाटत नव्हती. ती गरज उत्पन्न झाली लग्नानंतर मुली मुंबई-पुण्यात दोन खोल्यांत वेगळे बिऱ्हाड करू लागल्या तेव्हा. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाले आणि त्याने ‘अंदाजाने मीठ’ या जुन्या मापाला सुट्टी दिली. सगळी मापे वाटीत आणि चमच्यात. वाटी प्रत्येक घरात असते, त्यामुळे तराजू लागत नाही. पुस्तकाच्या लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि कमलाबाईंना ‘एक लाख सुनांची सासू’ म्हटले जाऊ लागले. पोळी, वरण, कोशिंबीर यांनाही पक्वान्नांइतकाच मान देणे, हे या पुस्तकाचे खरे काम.

तरीही छापील मराठी स्वयंपाक बराचसा पांढरपेशा घरांचा राहिला. उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रानातल्या पालेभाज्या, वाट्याला येईल त्यातून केलेले कालवण यांना त्यात जागा नव्हती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचे अन्न लिहून काढले, तेव्हा ही उणीव ठळक दिसली. तूप, दूध, गूळ यांच्यावाचून चालणारा स्वयंपाकही त्याच गावात, वेशीपलीकडे, तितक्याच पिढ्या चालत आला होता.

मुंबईने घरच्या जेवणाला बाजारात आणले. गिरण्यांत काम करणारे कोकणातले आणि घाटावरचे पुरुष खोल्यांत दाटीने राहत आणि गावाकडच्याच एखाद्या बाईच्या खानावळीत जेवत. एकेक बाई वीस-तीस माणसांचे दोन वेळचे रांधी. १८९० मध्ये महादू हवाजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था घरचे गरम अन्न कचेरीपर्यंत नेऊ लागली. ते वाहणारे बहुतेक मावळ-जुन्नरकडचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा सावकाराकडून उचल घेऊन चूल पेटवणाऱ्या या बायका बँकेच्या कर्जाला प्रथमच पात्र ठरल्या.

दुसऱ्या महायुद्धाने धान्याची सवय मोडली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ थांबला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. भातावर वाढलेल्या कोकणी घरांना मिळेल ते धान्य शिजवावे लागले, आणि पोळ्या लाटणे तेव्हा अनेकींना नव्याने शिकावे लागले. पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, मिळू लागला. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या तोंडी ‘मिलो’ हा शब्द अजून जरा कडवट उच्चारला जातो.

याच सुमारास शेत आणि स्वयंपाकघर दोन्ही बदलत होते. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, पण खरिपात पावसात सापडलेला दाणा काळा पडे आणि भाकरी खाववत नसे. रब्बीतल्या मालदांडीची भाकरी ती भाकरी, असे लोक म्हणत राहिले. हरितक्रांतीचा गहू मात्र रेशन दुकानांतून स्वस्तात गावोगाव पोहोचला. नंतर खरिपातल्या ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. विजेच्या गिरणीने जाते कोपऱ्यात गेले होते; गव्हाचे पीठ डब्यात महिनाभर चांगले राहते आणि त्याची विरी जात नाही, हाही गव्हाच्या बाजूचा मुद्दा होता. शिवाय पोळ्या एकदम लाटून ठेवता येतात, भाकरी ज्याची त्याला गरम लागते. नोकरी करणाऱ्या बाईने यातले काय निवडले, हे सांगायला नको.

चुलीनंतर आधी रॉकेलचा स्टो आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत बाटलीतला गॅस आला. १९५९ मध्ये ‘हॉकिन्स’ आणि ‘प्रेस्टिज’ या प्रेशर कुकरांचे उत्पादन भारतात सुरू झाले आणि वैलावरच्या डाळीचे काम वीस मिनिटांवर आले. खालच्या भांड्यात तुरीची डाळ, वर तांदूळ, सगळ्यात वर एखादा बटाटा; ‘कुकर लावला’ या दोन शब्दांत अर्धा स्वयंपाक झाला. वरण-भात रोजच्या जेवणात सर्वदूर पसरला तो या भांड्यामुळे. जिथे तांदूळ पिकत नाही अशा सोलापूर-बीडच्या गावांतही रात्री भात होऊ लागला. मिक्सरने पाटा-वरवंटा हटवला, चटण्या बारीक झाल्या, आणि पाट्यावरच्या जाडसर वाटणाची आठवण काढण्याची रीत पडली.

१९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली; २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिच्यात चपाती, भाजी, वरण आणि भात. पंचवीस वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन सरकारी ताटांतला फरक बोलका आहे. पहिल्यात गरिबाचे अन्न म्हणजे भाकरी, दुसऱ्यात चपाती. दरम्यान शहरांत चौकाचौकांत पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली, आणि संध्याकाळी कामावरून येताना दहा पोळ्या बांधून नेणे हा रोजच्या जेवणाचा भाग झाला. त्याच केंद्रांवर ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा महाग मिळते, कारण थापणारे हात कमी आणि धान्यही स्वस्त राहिलेले नाही. महामार्गांवरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर आता चुलीवरचे पिठले आणि भाकरी असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि पुण्या-मुंबईच्या घरांत परदेशातून कोणी आले की यजमान मुद्दाम भाकरी, भरली वांगी आणि ठेच्याचा बेत करतात. पोळ्या त्या दिवशी लागल्या तर केंद्रातून येतात.